डब्यातलं उड्डाण

"खोटं रेटायला तुला मेलेलाच माणूस सापडला?" विश्वेश्वरनं डब्यावर जोरात थाप मारली. "बस आत."

अरविंद लंगडत पुढे आला आणि आत शिरला. डबा म्हणजे उड्डाण-शाळेतलं सरावाचं नकली विमान. आखूड पंखांचा लाकडी खोका, खाली हवेचे भाते, आत काठी, पेडलं आणि वेग-उंची दाखवणारी घड्याळं. झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नाही. तीच घड्याळं बाहेर टेबलावर शिकवणाऱ्यासमोर, आणि बोलणं इअरफोनमधून.

टेबलापाशी नरसिंहराव बसले होते. अपघाताची चौकशी त्यांच्याकडे होती. उद्या ते निकाल देणार होते. त्यांनीही इअरफोन कानांवर चढवले.

रघुपती हा विश्वेश्वरचा धाकटा भाऊ. दोघेही याच शाळेत शिकवत. उन्हाळ्यात रघुपती अरविंदला हळू उडण्याचा सराव द्यायला घेऊन गेला आणि आनेकलच्या बाजूला विमान स्टॉल झालं. वेग इतका उतरला की पंखांचा आधारच सुटला. अशा वेळी काठी पुढे लोटायची, नाक खाली घालायचं, वेग परत मिळवायचा. अरविंदनं काठी मागे ओढली. विमान नाचणीच्या शेतात कोसळलं. रघुपती गेला, अरविंद पाय मोडून वाचला. आणि वाचल्यापासून एकच सांगत होता, 'सरच ओरडले, ओढ.'

ते मानलं तर दोष रघुपतीच्या माथी जाणार होता. नाही मानलं तर अरविंदचं उडणं कायमचं बंद.

"स्टॉलमध्ये ओढलं की मेलं, हे पहिल्या आठवड्याच्या पोरालाही ठाऊक असतं," विश्वेश्वर माइकमध्ये म्हणाला. "माझ्या भावाला ठाऊक नव्हतं?"

"सर, मला ऐकू आलं ते मी सांगितलं."

"नाशिकहून आलास, दीड वर्ष बेंगळुरात राहिलास, कानडीचा एक शब्द शिकला नाहीस. 'स्वल्प थांब' म्हटलं की आमच्या मराठीला दात काढायचास. आता आमच्या मयतालाही हसतोस?"

"हसायचो, सर. रघुपती सरही हसायचे."

"त्याचं नाव काढू नकोस!" विश्वेश्वरच्या कानशिलाची शीर फुगली. "इथं विचार मी करणार. तू हात हलवायचा. शब्द कानावर पडला की लगेच. कळलं?"

"तेही हेच सांगायचे."

नरसिंहरावांनी नुसतं बोट वर केलं. सुरू करा.

"वेग उतरव. नाक उचल. आणखी उचल." टेबलावरचा काटा घसरत गेला. डबा थरथरला. "काठी पुढे!"

काठी पुढे गेली. वेग आला. पुन्हा केलं. मग वळणात केलं. अरविंदची एकही चूक निघेना, आणि विश्वेश्वरचा संताप वाढत चालला.

"बघितलंत, राव? हात पक्का आहे, सांगितलेलं ऐकतोही. म्हणजे त्या दिवशी घाबरून ओढली, आणि आता ते पाप रघूवर ढकलतोय. याला तुम्ही परत विमानात बसवणार?"

"तुम्ही सावकाश सांगता, तो सावकाश करतो," नरसिंहराव म्हणाले. "त्या दिवशी कोण सावकाश बोलत होतं?"

"सरी, ठीक आहे! मग तसंच करू."

विश्वेश्वरनं वादळी हवेची कळ टोकाला नेली. भाते फुसफुसू लागले, डबा हेंदकाळू लागला, इअरफोनमध्ये खरखर भरली. उंची त्यानं रघुपतीच्या विमानाएवढीच ठेवली होती.

"उतरव वेग! आणखी! नाक वर!"

डबा एका अंगावर कलला आणि गरगरू लागला. उंचीचा काटा शून्याकडे धावत सुटला. कानात अरविंदचा धापा टाकणारा श्वास येत होता. विश्वेश्वर खुर्चीवरून उठला. डब्याचा पाया फरशीला बोल्टांनी जखडलेला आहे, आत कोणी मरणार नाही, हे सगळं तो विसरला. त्या खोक्यात त्याला आपला भाऊ दिसत होता. आता काही सुचायला वेळ नव्हता. अडकलेलं दार लोटताना, बंद पडलेली मोटार ढकलताना त्यांच्या घरात आईपासून रघूपर्यंत सगळे जो कानडी शब्द ओरडत, तोच त्याच्या तोंडून सुटला.

"ओत्तु! ओत्तु!"

काटा शून्यावर आपटला. खरखरीतून अरविंदचा जिवाच्या आकांतानं ओरडलेला आवाज आला.

"ओढलीय, सर! पूर्ण ओढलीय!"