गाडीच्या पुढे

“आजी, बसा आता आत,” अँब्युलन्सचा ड्रायव्हर दरवर्षी म्हणायचा. आमच्या गावच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत ती गाडी सगळ्यात मागे राहिलेल्याच्या पाठोपाठ रांगत येते, आणि मागे राहिलेली नेहमी मीच. यंदा मात्र मी वर्षभर पहाटे उठून सराव केला होता.

अर्ध्या वाटेत पाय शिशासारखे जड झाले, पण गाडीची घरघर ऐकू येईना. वळून पाहिलं. गाडी बरीच लांब होती आणि तिच्यापुढे शालन लंगडत होती. शाळेपासून प्रत्येक शर्यतीत मी जिची फक्त पाठ पाहिली, ती शालन! मी थांबले.

“थांबतेस काय, इंदे? पळ!” ती ओरडली. “माझा गुडघा गेला. एवढी वर्षं कशी गं धावलीस या गाडीपुढे?”

मी पुन्हा पाय उचलले. थोड्या वेळानं ती घरघर पाठीशी आली. शालन आत बसली होती. म्हणजे शेवटची पुन्हा मीच.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“चल गं, सावकाश. आता तुझी पाठ मी बघते.”