निळ्या दिव्याखालचा वॉर्ड

हात मोडला म्हणून दाखल झालेल्या पोरीला तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. वॉर्डातलं हे पाचवं मूल. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या आईलाच फैलावर घेतलं. "बाहेरचं काहीबाही भरवता! उद्यापासून तुम्हाला आत प्रवेश बंद."

"सर, उद्याचा राउंड तेवढा होऊ द्या," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी त्यांनी एका आजारी बाळाच्या डायपरच्या कडेला भुकटी लावली. एरवी न दिसणारी, निळ्या दिव्याखाली चमकणारी. राउंड संपल्यावर त्यांनी पडदे ओढले आणि दिवा लावला.

भर दुपारी वॉर्डात तारांगण उघडलं. नळ, कठडे, दाराची मूठ, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, सगळं लखलखत होतं. पोरं सलाइनसकट उठून बसली. विषाणूंवर वीस वर्षं भाषणं ठोकणारे डॉक्टर आ वासून बघत राहिले. प्रत्येक पोराच्या गालावर दोन-दोन चांदण्या होत्या, अगदी मापात.

"आणि हे गालांवर काय?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"गालगुच्चे, डॉक्टर," पोरीची आई म्हणाली. "पोरं रोज वाट बघत असतात तुमची."