बाही वर केली तेव्हा

लेकीचा साखरपुडा आटोपला आणि मुलाच्या वडिलांनी, बबनरावांनी, गच्चीवर पाहुण्यांसमोर ग्लास भरले. "व्याही, आज नाही म्हणायचं नाही."

"मी घेत नाही," कमलाकर म्हणाला.

"आमच्या घरचं चालत नाही का?" बबनरावांचा चेहरा उतरला.

वैजयंतीने नवऱ्याकडे पाहिलं. लग्न लागेपर्यंत अंगावरचं कुणाला दिसू द्यायचं नाही, असं बजावून तिनेच नवऱ्याला पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला होता. पण कमलाकरने शांतपणे बाही कोपराच्या वर सरकवली. लालसर, खपल्या धरलेले चट्टे सगळ्यांनी पाहिले.

"सोरायसिस आहे. तो कुणाला लागत नाही. लोकांचं ऐकून मासे सोडले, वांगी सोडली, काही फरक पडला नाही. डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं. माझं मात्र दारू घेतली की उफाळून येतं. सोडल्यापासून पुष्कळ बरं आहे. तुमच्या घरात लेक द्यायची, तर लपवायचं कशाला?"

मोडलं लग्न, असंच वैजयंतीला वाटलं.

बबनरावांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग वाकून विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली. नडगीभर तसेच चट्टे होते, कमलाकरच्या चट्ट्यांहून जास्त लाल.

"घरात बायकोशिवाय कुणाला माहीत नाही," ते ग्लासाकडे बघत म्हणाले. "मासे मीही सोडले. हे काही सुटलं नाही."

कमलाकरने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "सुटतं. माझ्या डॉक्टरांकडे चला, मी येतो बरोबर."

वैजयंती उठली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत नवऱ्याच्या उघड्या हातावर हात ठेवून त्याच्या शेजारी जाऊन बसली.