बजाबाईचा नेम

डोळ्यांची पट्टी सुटेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं बजाबाईनं सांगून टाकलं आणि ओठ घट्ट मिटले. मान फिरवायची सोय नव्हती. मोतीबिंदू काढल्यावर डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या.

तिचा नवरा कोंडीबा दवाखान्याबाहेरच्या सात रस्ता चौकातनं दूध घेऊन आला होता. त्यात भाकरी कुस्करून, वाटी धरून तो कॉटशेजारी बसला होता. बायकोचा नेम त्याला काय नवा नव्हता. सूर्य बघायचा, हात जोडायचे, मगच तोंडात घास. दुष्काळात खडी फोडायला जायची तेव्हाही आधी सूर्य, मग भाकरी. श्रावणात आभाळ भरलं की बाई दुपारपर्यंत उपाशी अंगणात उभी! कोंडीबा हसायचा. आता मात्र त्याला हसू येत नव्हतं. तिचा आवाज पार खोल गेला होता आणि पट्टी सुटायला अजून बरेच दिवस होते.

"मी बघून आलोय सूर्य. तुज्या नावानं हातबी जोडले. खा आता."

खोटंच होतं ते. सकाळपासून आभाळ गच्च होतं.

"तुमी जेवल्यावर माजं पोट भरतंय व्हय?"

"लई शानी हायस! आगं, मरशील की उपाशी."

"मग जराशी पट्टी वर करते. एकदाच बघते."

आणि तिचा हात खरंच गाठीकडं गेला.

कोंडीबानं मनगट धरलं. थोडं दूध धोतरावर सांडलं. "डोळा गेला तर जन्मभर कशानं बघशील गं त्येला?" तो ओरडायला गेला आणि त्याला रडूच फुटलं.

बजाबाईचा हात सैल पडला. नवऱ्याचं रडणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं छातीवर दोन्ही हात जोडले. ओठ हलायला लागले, रोज अंगणात हलायचे तसेच.

"दिसला," ती म्हणाली.

"कोन?"

"त्योच की. चांगला तांबडालाल. इतकी वर्सं बघत आले, कायतरी आत ऱ्हायलंच आसंल."

कोंडीबानं खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ तसंच गच्च होतं. मग त्याची नजर बायकोच्या तोंडाकडं गेली आणि त्यानं वाटी सावरून धरली.

"द्या आता," तिनं तोंड उघडलं. "भूक लागलीय."

ती जेवत असतानाच नर्सबाई आल्या. खिडकीचं दार ओढून घेत म्हणाल्या, "काय बाई ही हवा! आज सूर्य उगवलाच नाही."

कोंडीबानं पुढचा घास भरवला.

"उगवला की, बाई," तो म्हणाला. "तुमी तवा हितं नव्हता."