लेकीच्या हातची पुडी

इलारियाने रक्ताचे अहवाल तिसऱ्यांदा वाचले. तिने बनवलेली पावडर गोठ्यातल्या दहा बैलांना खुराकातून द्यायची आणि त्याच दावणीच्या उरलेल्या दहांना द्यायची नाही, असं ठरलं होतं. तीन महिन्यांनी बघते तर विसांच्या यकृताचे आकडे सारखेच सुधारलेले. म्हणजे गुण पावडरचा नव्हताच! सोमवारी विद्यापीठात कोणत्या तोंडाने जायचं?

"पप्पा, माझी पावडर फुकट गेली."

सेकोंदो कोपऱ्यातल्या बैलाला खरारा करत होता. "फुकट? अगं, याची कातडी बघ कशी चकाकतेय! यंदा कार्रूच्या जत्रेत पहिलं बक्षीस यालाच."

"तो बिनपावडरचा आहे, पप्पा."

खरारा थांबला. "बिनपावडरचा कसा? रोज एकेक पुडी निम्मी निम्मी करून दोघादोघांना घालतोय की मी."

"पप्पा! बाकीच्यांना द्यायची नाही म्हणून बजावलं होतं ना!"

"बजावलं होतंस. पण हे माझ्या लेकीनं केलंय म्हणून मी गावभर सांगत फिरतोय. तुझ्या हातचं वाढायचं, आणि एकाच दावणीला मी पंक्तिप्रपंच करू?"