तिटेचा उजेड

सकाळी बापलेकींनी नाक दाबून दवाखान्यात दिलेलं द्रावण प्यायलं होतं. आता तपासणीच्या खोलीतले पडदे ओढून सिस्टरांनी निळा दिवा लावला, तसा मैथिलीच्या गालावर हिरवट उजेडाचा ठिपका उमटला. दुसरा कपाळाच्या कडेला, तिसरा तळपायावर.

"शिसं आहे हे," सिस्टर म्हणाल्या. "अंगात जिथून मुरलं, ती जागा उजळते. इथे काही लावायचात का?"

रमाकांत म्हणाला, "तीट. हिची आई लावायची, दृष्ट लागू नये म्हणून."

काजळाची ती डबी जत्रेतून त्यानेच आणली होती. त्याची बायको शैला किडनीच्या आजाराने गेली, तेव्हा मैथिली तीन वर्षांची होती. त्याला चार वर्षं झाली.

"महिनाभर औषध घेतलं की सगळं निघून जाईल. आता तुम्ही या दिव्याखाली."

तो बसला. मैथिली वाकून बघत म्हणाली, "बाबा, तुझ्या कानामागेपण आहे."

रोज कामावर निघताना शैला त्याच्या कानामागे काजळाचं बोट टेकवायची. लोक हसतील म्हणून तो दाराबाहेर पडताच रुमालाने पुसून टाकायचा.

मैथिलीने त्या ठिपक्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. "आईचं बोट माझ्यापेक्षा मोठं होतं."

सिस्टरांनी टेबलावर औषधाच्या दोन बाटल्या ठेवल्या. रमाकांतने मैथिलीची तेवढी उचलली.