काविळीचा पाला

“बाबा, पोरीला काय पाजलंत? नाव सांगा,” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

देवाजी खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. खाटेवर त्याची नात, सात वर्षांची वनमाला. कावीळ झाली म्हणून काल त्यानेच तिला औषध दिलं होतं. पहाटेपासून उलट्या झाल्या, आणि आता हाक मारली तरी ती डोळे उघडत नव्हती.

खाप्यापासून नागपूरपर्यंत काविळीवर देवाजीच्या पाल्याचं नाव होतं. दर रविवारी त्याच्या अंगणात रांग लागे. पैसा घ्यायचा नाही आणि झाड कोणतं ते सांगायचं नाही. नाव फुटलं की औषधाचा गुण गेला, असं बापाने मरताना बजावलं होतं. चाळीस वर्षांत देवाजीने बायकोलाही ताकास तूर लागू दिली नव्हती.

“सांगा ना बाबा आता,” रुपराव बापापुढे हात जोडून रडू लागला. “पोरगी चालली माही.”

मुलाचे जोडलेले हात काही म्हाताऱ्याला बघवेनात.

“कांगणी,” तो म्हणाला. “कन्हानच्या काठानं येते. मिरचीसारखं पांढरं फूल रायते. यंदा पाण्याबिगर पाला करपला, म्हून हिरवी फळं बी वाटली. लोकाईले एक वाटी देतो. हे तं आपली पोरगी. हिले दोन देल्या.”

डॉक्टरांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. जाड पुस्तक आणवलं, पानं उलटली, मिटून ठेवलं.

“वांग्याच्या कुळातलं दिसतंय. त्यातल्या काहींच्या हिरव्या फळांत विष असतं.”

“मंग उतारा?” रुपरावने विचारलं.

“उतारा असा नाही. सलाईन लावलंय. आता वाट पाहायची.”

देवाजीने नातीचं पाऊल हातात घेतलं. ते गार लागलं. चाळीस वर्षं लोकांना उठवून बसवणाऱ्या त्या हातांना आता काय करावं ते कळेना. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले, तसा तो धडपडत उठला आणि त्याने त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

“डॉक्टरसायेब, नाव सांगतलं का गुण जाते ना औषधाचा? आता तं म्या सगळ्याईसमोर सांगतलं. मंग त्यातलं जहर बी गेलं असन न?”